गोखले, कमलाबाई

गोखले, कमलाबाई (१९००–१९९७). मराठी रंगभूमी व चित्रपटातील अभिनेत्री. माहेरचे आडनाव कामत. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या मूकपटात त्या मोहिनी झाल्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. भारतीय पडद्यावर स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याची सुरुवात या मायलेकींनी केली.

त्याआधी ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटातील राणी तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांनी वेश्यावस्तीतही विचारणा केली होती, बाई मिळाली नाही. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुरुषाने लुगडे नेसणे प्रेक्षकांना खटकत नसे. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व तेव्हा ऐन भरात होते, आणि कोकणातल्या लांजा-संगमेश्वर भागातल्या नमन-खेळे या लोकनाट्यातही गवळणी परंपरेने पुरुषच होत. अमेरिकेत त्याच सुमारास गोरे नट तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांच्या भूमिका करीत. दिग्दर्शक ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) हा चित्रपट हे त्याचे कुप्रसिद्ध उदाहरण. ज्याचे सोंग आणायचे, त्यालाच रंगमंचाबाहेर ठेवायचे, ही रीत दोन्हीकडची.

पहिलेपणाचा मान पुष्कळदा एकट्या कमलाबाईंना दिला जातो. तो अपुरा आहे. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई पोटासाठी फिरत्या नाटक मंडळीत शिरल्या, तेव्हा समाजाने त्यांना वाळीत टाकले. मुलीची वाट त्यातूनच मोकळी झाली. ‘मोहिनी’च्या वेळी कमलाबाई जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या, पण नाटकात त्या लहानपणापासूनच उभ्या राहत होत्या.

पुढे नट रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी लहान मुले, आधार फक्त रंगभूमीचा. त्यांनी काम थांबवले नाही. एकेकाळी पुरुषांनी बायकांची सोंगे आणली त्याच रंगमंचावर त्यांनी पुरुषपात्रेही रंगवली, आणि मूकपटानंतर बोलपटांतही भूमिका केल्या. त्यांच्या कारकिर्दीचा हा मधला कष्टाचा भाग ‘मोहिनी’च्या झगमगाटात झाकला गेला आहे, खरे तर अभिनेत्री म्हणून त्यांची उंची तिथेच दिसते.

चंद्रकांत गोखले हे विख्यात अभिनेते त्यांचे पुत्र; लालजी व सूर्यकांत हे पुत्र तबलावादक. अभिनेते विक्रम गोखले हे नातू. रीना मोहन यांनी कमलाबाईंच्या वार्धक्यात त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.