शेजारधर्म आणि अखेरची शुश्रूषा

पनवेलची नगरपालिका इ.स. १८५२ मध्ये स्थापन झाली, हे आपणा सर्वांस विदित आहे व त्याचा रास्त अभिमानही आहे. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली आणि खारघर तिच्या हद्दीत आले. त्याच खारघरात टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोगावरील संस्था आहे. दूरदूरचे रुग्ण तेथे येतात आणि उपचारांची मर्यादा संपली की घरी परततात. पुढील आठवडे-महिने त्या घरात काय घडते, याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही.

‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य पुरेसे मानू नये, असे सांगणारी चळवळ सिसिली साँडर्स या विदुषीने उभी केली. त्या प्रथम परिचारिका, नंतर समाजसेविका व शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले. वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, पैशाची व कुटुंबाचीही असते, आणि औषध वेदना उसळण्याची वाट न पाहता वेळेवर द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. यास आपण उपशामक सेवा म्हणतो. आपल्या परंपरेतही रुग्ण साधूंच्या सेवेस वैयावच्च म्हणून तिची गणना तपात केली आहे.

भारतात या कार्याचा आरंभ मुंबईतच झाला. कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू केले. देशातील हे पहिले हॉस्पिस होय. परंतु खाटा मोजक्या आणि रुग्ण असंख्य!

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची औषधपद्धती जाहीर केली. वरच्या पायरीवर मॉर्फिन होते. दुर्दैव असे, की आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, आपल्याकडे अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. परवान्यांची जंत्री व तुरुंगवासाच्या धास्तीने औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. ज्या माळव्याची अफू एके काळी मुंबई बंदरातून चीनला जाई, त्या नीमच-मंदसौरच्या शेतांत आजही परवान्याने अफू पिकते. आणि मॉर्फिन अफूपासूनच बनते! व्यापारी म्हणून मला हा हिशेब आजवर उलगडलेला नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ही औषधे ठेवणे सुलभ झाले.

खरी वाट दाखविली ती केरळने. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आदींनी वेदनाशमनाची संस्था स्थापिली. बाह्यरुग्ण विभाग उत्तम चालला, पण अंथरुणास खिळलेला माणूस तेथवर पोहोचणार कसा? तेव्हा २०००च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात हे काम शेजाऱ्यांच्या हाती सोपविण्यात आले. आठवड्यातून निदान दोन तास देणाऱ्या सामान्य नागरिकांना प्रशिक्षण मिळाले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी परिचारिकेसमवेत घरोघरी जाऊ लागले. शय्याव्रणांची मलमपट्टी परिचारिका करी व औषध डॉक्टर ठरवी. मात्र घरात तांदूळ आहे का, मुलांची फी भरली का, हे शेजाऱ्यालाच दिसे. माझ्या मते या पद्धतीचे मर्म येथेच आहे. इस्पितळाच्या कागदावर चुलीची नोंद नसते.

२००८ साली केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून ग्रामपंचायती व नगरपालिका आपल्या निधीतून आरोग्य केंद्रांमार्फत गृहभेटीसाठी परिचारिका देऊ लागल्या. लोकांनी आधी उभे केलेले काम शासनाने मागाहून स्वीकारले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. केंद्र शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ साली आला, तथापि केरळइतका विस्तार अन्यत्र क्वचितच झाला.

सेवेची परंपरा पनवेललाही नवी नाही. नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांची शुश्रूषा कित्येक दशके चालू आहे. महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रेही आहेत. राहिला प्रश्न पैशाचा. मलप्पुरमचे काम मुख्यतः स्थानिक लोकांच्या छोट्या देणग्यांवर उभे राहिले. आपल्या बाजारपेठेत गणेशोत्सवाची वर्गणी दुकानोदुकानी फिरून जमते, तसाच हा प्रकार. केवळ खर्चाच्या बाजूस मलमपट्टीचे सामान, परिचारिकेचे वेतन आणि गाडीभाडे.