वऱ्हाडचा रानपिंगळा

अमरावती-अकोल्याच्या बागांतून तिन्हीसांजेला कलकलाट करणारा ठिपकेदार पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा रानातील आप्त रानपिंगळा. त्याने मात्र पक्षिशास्त्रज्ञांस शतकाहून अधिक काळ चकविले. १८७३ साली ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. (हाच ह्यूम पुढे राष्ट्रसभेच्या संस्थापकांत गणला गेला.) १८८४ साली खानदेशात डेव्हिडसनने एक पक्षी टिपला आणि त्यानंतर त्याचा मागमूस उरला नाही.

कर्नल मायनर्ट्झहागेन ह्याने १९१४ साली गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखविला होता. पुढे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर ह्यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच, ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून पुन्हा भरलेला निघाला! शोधकांना भलत्याच रानाकडे वळविणारी ही लबाडी होती. मधल्या काळातील छायाचित्रेही साध्या पिंगळ्याचीच ठरली.

गुजरातचा खोटा पुरावा बाजूस सारून रासमुसेनबाई बेन किंग व डेव्हिड ॲबट ह्यांच्यासह जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्यानजीक, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर तो बसलेला दिसला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरे, पाय पिसांनी भरलेले. ह्या खेपेस छायाचित्रे निर्विवाद होती.

पुढील पाहण्यांत तो अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या सागवनांतही आढळला, वऱ्हाडच्या उशाशीच.