वेस्टर्न, पण वेस्ट संपल्यानंतरचा

‘रेड डेड रिडेम्प्शन’ मे २०१० मध्ये आला तेव्हा मी शाळेत होतो. गेम फक्त प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर, आणि आमच्या घरी एक खडखडणारा पीसी. म्हणजे विषयच संपला. पीसीवर तो यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला! तोपर्यंत २०१८ मध्ये दुसरा भाग येऊन गाजलाही होता. त्यामुळे ऑफिसात जेवताना "मी सध्या पहिला भाग खेळतोय" म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न: "अरे, दुसरा असताना पहिला कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पहिल्या भागाचं वय दिसतं. चेहरे थोडे लाकडी आहेत. मिशन म्हणजे घोड्यावर बसा, कुणाशी तरी गप्पा मारत तिकडे जा, गोळ्या झाडा, परत या. मेक्सिकोचा मधला भाग तर इतका लांबतो की दोनदा सोडून द्यावासा वाटला. तरीही माझं उत्तर आहे: खेळाच. कारण हा गेम ज्या वर्षात घडतो ते वर्ष. १९११. (पुढे गोष्ट फुटणार आहे. ज्यांना चालणार नाही त्यांनी आधी गेम संपवून या, मी थांबतो. :) )

आपल्या डोक्यातला वेस्टर्न म्हणजे काऊबॉय, शेरीफ, ट्रेनवरचे दरोडे. हा सगळा माल साधारण १८६५ ते १८९० या पंचवीसेक वर्षांतला. टेक्सासमधून हजारो गुरं हाकत उत्तरेकडच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायची, हा काऊबॉयचा मूळ धंदा. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन नावाच्या माणसाने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळ्या कुरणांना कुंपणं पडायला लागली. रेल्वे जागोजागी पोचली, तेव्हा गुरं लांबवर हाकायची गरजही संपली. त्यात १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात लाखो गुरं मेली. १८९० च्या जनगणनेनंतर सरकारनेच सांगून टाकलं की वस्ती कुठे संपते आणि मोकळा मुलूख कुठे सुरू होतो अशी सलग रेघ आता नकाशावर काढता येत नाही. या वाक्यावरून फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ मध्ये शिकागोत आपला प्रसिद्ध निबंध वाचला: फ्रंटियर संपलं, आणि त्याबरोबर अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला अध्यायही. १९०१ मध्ये बुच कॅसिडीसारखा नामांकित दरोडेखोरसुद्धा बॅग भरून दक्षिण अमेरिकेला निघून गेला होता.

म्हणजे गेमचा नायक जॉन मार्स्टन १९११ मध्ये आपल्यासमोर येतो तेव्हा वेस्ट संपून वीस वर्षं झालीत. पहिल्याच दृश्यात तो बोटीतून उतरतो आणि शेजारी बोटीवरून एक मोटरगाडी उतरवली जात असते. एकदम बरोबर. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्येच बाजारात आली होती. मार्स्टनच्या दोन्ही बाजूंना सूट-हॅटवाले दोन सरकारी एजंट. त्यांची ‘ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन’ ही गेमवाल्यांनी रचलेली संस्था नव्हे. तीही १९०८ मध्येच, मूठभर माणसांवर सुरू झाली आणि १९३५ मध्ये तिचं नाव एफबीआय झालं.

या ब्यूरोने मार्स्टनच्या बायकोला आणि मुलाला ताब्यात घेतलंय. सौदा सरळ आहे. तू पूर्वी ज्या टोळीत होतास तिच्यातली उरलेली माणसं आम्हाला आणून दे, मग घरी जा. ही गोष्ट काल्पनिक, खऱ्या ब्यूरोने असं केल्याचा दाखला नाही. पण मोकळ्या मैदानातला हिशेब आता ऑफिसातली फाईल करणार, हा बदल मात्र शंभर टक्के खरा. दुसऱ्या भागात (तो १८९९ मध्ये घडतो) टोळी निदान पळत तरी असते. इथे पळायला जागाच उरलेली नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी छोटी आहे. नकाशाच्या ईशान्येला ‘ग्रेट प्लेन्स’ नावाचं गवताळ मैदान आहे, तिथे वीस बायसन चरतात. गेममधले बाकीचे प्राणी मारले तरी परत येतात. बायसन येत नाहीत. सगळे मारले की कायमचे संपले, आणि गेम तुम्हाला एक ट्रॉफी देतो. ट्रॉफीचं नाव: ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’. अख्खा खंड व्यापणं हे आमचं ठरलेलंच नशीब आहे, अशा अर्थाची ही घोषणा अमेरिकेत १८४५ पासून चालत आली. खऱ्या मैदानांवर कोट्यवधी बायसन होते. १८७० च्या दशकात त्यांचं कातडं कारखान्यांतल्या यंत्रांच्या पट्ट्यांना वापरता येऊ लागलं आणि १८८० चं दशक संपेपर्यंत उरले जेमतेम हजारभर. मी अर्थातच ट्रॉफीच्या नादाने अठरा मारले. मग थांबलो आणि स्वतःचीच लाज वाटली. पुस्तक वाचून असं होत नाही, कारण पुस्तकात बंदूक आपल्या हातात नसते.

आता गेम कुठे कमी पडतो तेही सांगायला हवं. ज्यांचा हा मुलूख होता त्या आदिवासींचं इथे जवळजवळ काही नाही. डच या म्हाताऱ्या टोळीप्रमुखाने जमवलेली आदिवासी पोरं बहुतेक वेळा नेम धरण्यापुरतीच समोर येतात. नास्तास नावाचा एकच जण धड बोलतो आणि त्यालाही लवकर गोळी लागते. सोबत मॅकडूगल नावाचा येलचा प्रोफेसर, आदिवासींवर संशोधन करायला आलेला आणि कोकेनच्या तारेत असलेला. तो विनोदासाठी आहे. पण त्याच १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा माणूस एकटाच डोंगरातून खाली आला. त्याला ‘इशी’ म्हणायला लागले, आणि प्रोफेसर लोकांनी त्याची राहायची सोय केली ती चक्क म्युझियममध्ये. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला. हे कळल्यावर मॅकडूगलचे विनोद मला काही हसवेनात.

तसंच मेक्सिकोचं. नदी ओलांडून मार्स्टन तिकडे जातो तो बरोबर क्रांतीच्या धामधुमीत. प्रत्यक्षात मादेरोने २० नोव्हेंबर १९१० ला उठावाची हाक दिली, मे १९११ मध्ये सरहद्दीवरचं सिउदाद ह्वारेस पडलं (पलीकडच्या एल पासोचे लोक गच्च्यांवर चढून लढाई बघत होते!) आणि तीन दशकांहून जास्त सत्ता भोगलेल्या पोर्फिरिओ दियाझने २५ मे ला राजीनामा दिला. गेममध्ये एका बाजूला क्रूर कर्नल, दुसऱ्या बाजूला रेयेस नावाचा आढ्यताखोर क्रांतिकारक. त्याला स्वतःसाठी जीव दिलेल्या मुलीचं नावही आठवत नाही. थोडक्यात, सगळे सारखेच.

हे म्हणायला सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. ती लढाई जमिनीची होती. एमिलियानो झापाताने नोव्हेंबर १९११ मध्ये जो जाहीरनामा काढला त्यात गावांची बळकावलेली जमीन परत द्या हीच मुख्य मागणी होती. आणि त्यातून काहीच निघालं नाही असं म्हणाल, तर आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवा. गदर चळवळीतला हा माणूस १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागला आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढण्यात पुढे होता. दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटताना रंगवलंय. तो मेक्सिको क्रांतीनंतरचा मेक्सिको होता. गेमच्या मेक्सिकोत मात्र धूळ, टकीला आणि विश्वासघात, बस्स.

मग खेळायचा कशाला? शेवटासाठी.

डच मेला, काम झालं. दुसरा कुठलाही गेम इथे संपला असता. इथे मार्स्टन घरी येतो आणि पुढचे दोन-तीन तास तुम्ही काय करता? गुरं हाकता. धान्यावरचे कावळे हाकलता. घोडे वठणीवर आणता. बापावर रुसलेल्या पोराला शिकारीला नेता. मारामारी जवळजवळ नाहीच. काहीजण म्हणतात हा भाग कंटाळवाणा आहे. मला तो सगळ्यात जास्त आवडला, कारण मागचे पंधरा तास जॉन ज्या घरासाठी धडपडत होता ते घर म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कळतं. आणि मग सैन्य येतं. सरकारने शब्द मोडलेला असतो. मार्स्टन बायको-पोराला पळवून लावतो आणि गोठ्याचं दार उघडून एकटा बाहेर येतो. तुमच्या हातात बंदूक असते, वेळही नेहमीसारखा संथ होतो, तुम्ही चार-पाच जणांना पाडताही, पण जिंकता येत नाही. तिथे मी बराच वेळ कंट्रोलर धरून नुसता बसलो होतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. गेम बाजारात येण्याच्या चार महिने आधी, जानेवारी २०१० मध्ये, रॉकस्टारच्या सॅन डिएगो स्टुडिओत काम करणाऱ्यांच्या बायकांनी नावं न देता एक जाहीर पत्र लिहिलं. मार्च २००९ पासून नवरे रोज बारा-बारा तास राबतायत, शनिवारही गेले, तब्येती बिघडल्या, असा आरोप होता. मूठभर निनावी लोकांचं म्हणणं वस्तुस्थिती मानू नका, अशी भूमिका कंपनीने घेतली. ते पत्र वाचताना मला आमच्याकडचं वाक्य आठवलं: "एवढा एक रिलीज होऊ दे, मग सगळे घरी वेळ द्या." मार्स्टनला एजंटही हेच सांगत असतात. एवढं एक काम, मग घरी जा. काम संपतं, पण सौदा पाळला जात नाही.

तर, हा जुना गेम अजून खेळावा का? जरूर. वीसेक तासांत मुख्य गोष्ट संपते. इतिहास म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वर लिहिलेल्या चुका लक्षात ठेवून खेळलात तर उलट जास्त मजा येते. फक्त दोन विनंत्या. बायसनच्या वाटेला जाऊ नका. आणि शेवटची ती शेतावरची कामं उरकायची म्हणून उरकू नका, रमतगमत करा. मी तो भाग एका रविवारी सकाळी खेळलो आणि ऑफिसचा फोन सायलेंटवर टाकला होता. काही बिघडलं नाही.