डिचोली आणि पेडणे : दोन दिवसांच्या सुटीतला इतिहास

न्यायालयांस सुटी लागली की आमच्या व्यवसायबंधूंपैकी अर्धे कळंगुटच्या वाळूकडे वळतात आणि उरलेले फोंडा महालात कुलदेवतेच्या पायांशी जातात. दोन्ही प्रवास उचितच आहेत. तथापि या रूढ वाटांच्या उत्तरेस डिचोली व पेडणे ही दोन गावे आहेत, आणि तेथे एखादी रात्र काढावी असा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. मुंबई-पुण्याकडील महाजन मंडळीदेखील नार्व्यास श्रीसप्तकोटेश्वराचा अभिषेक उरकतात आणि दुपारच्या पानाला पणजी गाठतात. आमच्या मते, आपली देवळे आज जेथे आहेत तेथेच का आहेत, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने आपली छोटी सुटी याच दोन महालांत घालवावी.

कारण उघड आहे. तिसवाडी १५१० साली पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १५४३ साली बारदेश व साष्टी त्यांच्या पाठोपाठ गेल्या. या जुन्या काबिजादी होत. डिचोली मात्र १७८१ साली व पेडणे १७८८ साली त्यांच्याकडे आले. मधल्या अडीचशे वर्षांत पोर्तुगिजांचे बळ ओसरले होते आणि धर्माविषयीचा त्यांचा जुना आवेशही निवला होता. म्हणून नव्या काबिजादीत त्यांना रयतेच्या चालीरीती व देवस्थाने राखण्याचे मान्य करावे लागले. जुन्या काबिजादीत देवळाची जागा म्हातारी माणसे बोटाने दाखवितात. इकडे त्या जागी समई तेवत असते.

नार्व्यास जावयाचे ते पुलावरून, हमरस्त्याने जाऊ नये. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरावे, बेट ओलांडावे आणि पलीकडच्या धक्क्यावरून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे गाठावे. हीच देवाची वाट होय. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव. त्याच्या वरप्रसादाने आपण राज्य करतो, असे ते राजे आपल्या सोन्याच्या नाण्यांवर कोरवीत. त्याचे मूळ देऊळ दिवाडीवर होते. चौदाव्या शतकात बहामनी स्वाऱ्यांत ते पडले; विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले; आणि १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली, त्यांत ते दुसऱ्यांदा गेले. आता बेटावर कोटितीर्थाचे तळे तेवढे उरले आहे. लिंग भाविकांनी नदीपार, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या डिचोली महालात नेले. फेरीबोटीला हे पाणी तोडण्यास काही मिनिटेच लागतात. पण त्या काळी एका तीरावर देवास थारा नव्हता आणि दुसऱ्या तीरावर होता, एवढे अंतर या पाण्यात मावले होते.

नार्व्याच्या देवळाच्या दारावरील शिलालेख आवर्जून वाचावा. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, या दिवशी श्रीशिवरायांच्या आज्ञेने देवालयाच्या कामास प्रारंभ झाला, असा त्याचा आशय आहे. इसवी सनाप्रमाणे हा नोव्हेंबर १६६८ चा दिवस. मुक्रर तारीख, वार आणि आज्ञा करणाऱ्याचे नाव असा दस्तऐवज हाती आला की वकिलाला निराळाच आनंद होतो. पण येथे आनंदाचे कारण त्याहून मोठे आहे. पोर्तुगिजांच्या राजधानीपासून हाकेच्या अंतरावर, त्यांनीच पाडलेल्या देवाचे देऊळ बांधण्याची ती आज्ञा होती. राज्य पुरातत्त्व खात्याने अलीकडे या वास्तूचा जीर्णोद्धार केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती भाविकांस पुन्हा खुली झाली.

डिचोली गावात नमाजगाह आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आलेला औरंगजेबाचा पुत्र अकबर याच परिसरात राहिला होता, आणि १६८३ च्या मोहिमेशी ही वास्तू परंपरेने जोडली जाते. लामगावची व हरवळ्याची शिलाखोदित लेणी अर्ध्या दिवसात पाहून होतात. हरवळ्याचा धबधबा पावसाळ्यानंतर लगेच पाहावा.

मयेच्या तळ्यावर मात्र थोडे थांबावे, आणि तेही नौकाविहारासाठी नव्हे. या गावाची बहुतेक जमीन मयेच्या कोंदची, म्हणजे पोर्तुगीज पदवीधारी एका घराण्याची होती. मुक्तीनंतर मालक परदेशी राहिला आणि १९६४ च्या कायद्याखाली ही मालमत्ता निर्वासिताची म्हणून सरकारकडे आली. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या कुळांना मात्र आपल्याच घराची कौले बदलताना आपण कोणाच्या जागेत आहोत, असा प्रश्न पडत राहिला. त्यातून वाट काढण्यासाठी २०१४ साली विधानसभेला स्वतंत्र कायदा करावा लागला. तळ्याकाठी फोटो काढणाऱ्यास याची वार्ताही नसते.

दुसरा दिवस पेडण्यासाठी ठेवावा. शापोरा नदीकाठी हळर्णचा लहानसा किल्ला आहे. १७४६ च्या मे महिन्यात व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैद याने तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकला. त्याबद्दल लिस्बनच्या राजाने त्याला या गावाच्या नावाची पदवी दिली, आणि तो हळर्णचा, म्हणजे ‘आलोर्ना’चा मार्केज झाला. त्याची नात लिओनोर (१७५०–१८३९) ही पोर्तुगीज भाषेतील नामवंत कवयित्री. राजकोपामुळे तिचे बालपण व तारुण्य मठाच्या बंदिवासात गेले. पण वाङ्मयाच्या इतिहासात ती आलोर्नाची मार्केजीन म्हणूनच ओळखली जाते. पोर्तुगालातील विद्यार्थी हळर्णचे नाव पाठ करतात आणि आमच्या मुलांना हळर्ण कोणत्या तालुक्यात आहे ते सांगता येत नाही, हे आम्हांस बरे वाटत नाही. किल्ल्याची मालकी पुढेही फिरत राहिली. शेवटी कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून खेम सावंतांनी १७८८ च्या तहाने सारा पेडणे महाल देऊन टाकला.

त्यानंतर जे घडले ते आमच्या शास्त्रातले आहे. नव्या काबिजादीतील हिंदूंच्या चालीरीतींची संहिता १८२४ साली तयार झाली, १८५३ साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि देवस्थानांसाठी १८८६ साली व पुढे १९३३ साली माझानियांचे नियम झाले. आपल्या महाजनांच्या सभा, निवडणुका, जमाखर्च हे सारे अद्याप त्याच चौकटीत चालते. सभेत ज्या कलमांवरून आपण आवाज चढवितो, त्यांची मुळे या महालांच्या तहांत आहेत.

केरी हे महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर यांचे गाव. तेथून फेरीबोटीने तेरेखोल गाठता येते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेथील किल्ल्यावर तिरंगा लावला होता. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीच्या नाक्यावर पोर्तुगिजांच्या गोळ्यांनी सत्याग्रही पडले. त्यांत पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल होते. हमरस्त्यालगत त्यांचे स्मारक आहे. गाड्या न थांबता पुढे जातात.

आता मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आहे. जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरतात. एके काळी गोव्याचे शेवटचे टोक असलेले पेडणे आज गोव्याचे दार झाले आहे. दारात कोणी मुक्काम करीत नाही, पण दाराजवळच्या जागेला भाव मात्र येतो. डोंगर कापले जात आहेत, आणि कापलेल्या डोंगरावर देवाची राई होती की नुसते रान, हे सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

तेव्हा शक्य असेल त्याने कोजागिरीस पेडण्यास जावे. त्या रात्री रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथाला एका रात्रीत बांधलेले देऊळ हवे असते. ते मिळत नाही म्हणून तो रागावून निघतो, आणि गावकरी विनवण्या करून, आश्वासन देऊन त्याला परत आणतात. आमच्या धंद्याच्या भाषेत पुढची तारीख पडते, आणि ती दर वर्षी पडत आली आहे. गर्दी अफाट असते. रात्रीच्या मुक्कामाची सोय आधीच पाहून ठेवावी.