सुरतेच्या स्वारीची तारीख आणि लोकलिखित कोश

ज्ञानकोश म्हटला की मराठी वाचकास श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. १९२०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशातील विधानांची जबाबदारी संपादकाच्या शिरावर होती. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियात मात्र कोणीही लिहावे व कोणीही खोडावे, अशी रीत आहे. अशा कोशावर विसंबावे काय? आपल्याच शहरातील एका घटनेवरून हे पारखून पाहू.

शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीचे वर्णन येथील इंग्रज वखारीचे पाद्री एस्केलियट यांनी पत्ररूपाने केले आहे. सैन्य जवळ आल्याची वार्ता शहरात पोहोचली तो दिवस मंगळवार, ५ जानेवारी, असे ते सांगतात. आजच्या दिनगणनेने ५ जानेवारी १६६४ रोजी शनिवार येतो. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन गणना पाळीत. त्या काळी ती ग्रेगोरियन गणनेच्या १० दिवस मागे होती. म्हणजे तो मंगळवार आजच्या हिशेबाने १५ जानेवारीचा. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला पालटे. म्हणून त्यांच्या कागदांत १६६३ हे साल आढळते.

हे ठाऊक नसलेला लेखक मूळ कागद पाहून १६६३ लिहील, दुसरा ते खोडून १६६४ करील, दोघेही प्रामाणिकच. छापील ग्रंथातील चूक पुढील आवृत्तीपर्यंत टिकते. लोकलिखित कोशात ती घटकेत सुधारते आणि तितक्याच सहज पुन्हा शिरते. परंतु तेथे प्रत्येक नोंदीतील फेरबदलांचा इतिहास वाचकास खुला असतो. कोणता बदल केव्हा व कशाच्या आधारे झाला, हे पाहिल्यावाचून नोंद प्रमाण मानू नये.

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना याचे महत्त्व अधिक आहे. आमच्या घरांत जो पराक्रम, तीच शहराच्या स्मरणात लूट. तेथे आवाज चढवून काही सिद्ध होत नाही. कागदच बोलावा लागतो. आणि विकिपीडिया अप्रकाशित कागद आधार म्हणून स्वीकारीत नाही. आमच्या पेट्यांतील वंशावळी, पत्रे व हिशेबाच्या वह्या कितीही अस्सल असोत, छापल्या जाईपर्यंत त्या कोशाच्या दृष्टीने मुक्याच. त्या वाचून, तिथी-तारखा ताडून प्रसिद्ध करणे हे आम्हां सुरतकर मराठी मंडळींचेच कर्तव्य होय.