देव आहे, पण तो ऐकतो का?



गेल्या महिन्यात दृढीकरण संस्काराच्या वर्गात मी मुलांना प्रेषितांचा विश्वासांगीकार समजावून सांगत होतो. अकरावीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, देव आहे हे मला पटतंय. एवढं जग आपोआप झालं असेल असं वाटत नाही. पण तो आपलं ऐकतो कशावरून? जग करून दिलं, नियम लावून दिले, आता आपण नीट वागायचं. एवढं पुरे नाही का?"

वर्गात कोणी हसले नाही. मीही लगेच उत्तर दिले नाही, कारण हा प्रश्न काही वर्षांपूर्वी माझाही होता. त्याविषयी शेवटी लिहितो. आधी या प्रश्नाचा इतिहास पाहू.

त्या मुलाने जे मत मांडले त्याला डीइझम म्हणतात. जग निर्माण करणारा एक देव आहे. तो बुद्धीने आणि सृष्टीकडे पाहून ओळखता येतो. सदाचार हीच त्याची खरी पूजा. त्यासाठी ग्रंथ, चमत्कार, धर्मगुरू यांची गरज नाही. हे त्या मताचे सार.

डीइझमचा जनक म्हणून एडवर्ड हर्बर्ट या इंग्रज सरदाराचे नाव घेतात. तो चेर्बरीचा लॉर्ड होता. भक्तिकाव्य लिहिणारा धर्मगुरू जॉर्ज हर्बर्ट हा त्याचा सख्खा भाऊ. एडवर्ड पॅरिसमध्ये इंग्लंडचा राजदूत होता आणि तिथेच 1624 मध्ये त्याने 'दे व्हेरिताते', म्हणजे 'सत्याविषयी', हा लॅटिन ग्रंथ छापला. सर्व माणसांना मुळातच ठाऊक असलेली पाच तत्त्वे त्याने पुढे मांडली: एक परमेश्वर आहे, त्याची उपासना केली पाहिजे, सदाचार आणि भक्ती हाच उपासनेचा गाभा, पापाचा पश्चात्ताप केला पाहिजे, आणि बऱ्या-वाईटाचे फळ या जन्मी आणि मरणानंतरही मिळते.

यात वाईट काय आहे? काहीच नाही. आणि तो काळ पाहिला म्हणजे ही पाच तत्त्वे लोकांना का भावली तेही कळते. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांनी एकमेकांचे रक्त सांडले होते. 1572 मधील संत बार्थोलोम्यू दिवसाची कत्तल लोक विसरले नव्हते. जर्मन मुलखात 1618 ला सुरू झालेले युद्ध 30 वर्षे चालले. दोन्ही बाजू येशूचेच नाव घेत होत्या. अशा वेळी एखाद्या विचारी माणसाला वाटले, की ज्यावर कोणी भांडणार नाही तेवढेच धरू या, तर त्याला दोष कसा द्यायचा? ज्यांच्या कानी शुभवर्तमान कधी गेलेच नाही अशा दूर देशांतील लोकांना देव दूर लोटेल का, हाही हर्बर्टचा प्रश्न होता. तो खरा प्रश्न होता. आपल्या ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 मध्ये, स्पष्ट सांगितले की स्वतःच्या दोषाविना ज्यांना ख्रिस्त कळला नाही आणि जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात त्यांनाही तारण मिळू शकते.

पुढे 1687 मध्ये न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' आला. ग्रह-तारे आणि झाडावरून पडणारे फळ एकाच नियमाने चालतात हे लोकांना कळले. न्यूटन स्वतः डीइस्ट नव्हता. देव सृष्टीत आजही कार्य करतो असे तो मानत असे. पण त्याच्या वाचकांपैकी अनेकांना विश्व हे उत्तम घड्याळ वाटू लागले आणि देव हा कुशल घड्याळजी. चांगल्या घड्याळाला रोज हात लावावा लागतो का? इथून देव थोडा लांब सरकला. 1730 मध्ये मॅथ्यू टिंडल याने लिहिले की ख्रिस्ती धर्मात जे खरे आहे ते सृष्टीइतकेच जुने आहे. म्हणजे वेगळ्या प्रकटीकरणाची जरूर उरत नाही.

1 नोव्हेंबर 1755. सकल संतांचा सण. लिस्बन शहरात लोक सकाळच्या मिस्सेला जमले असताना भूकंप झाला, समुद्र आत आला आणि आगी लागल्या. हजारो माणसे मेली, कित्येक चर्चमध्येच. गोव्यावर तेव्हा याच लिस्बनहून राज्य चालत होते. व्हॉल्टेअर हा फ्रान्समधील सर्वांत प्रसिद्ध डीइस्ट. त्याने या संकटावर कविता लिहिली आणि जे आहे ते सर्व ठीकच आहे असे म्हणणाऱ्यांना जाब विचारला. घड्याळजी देवावर विश्वास असलेल्यालाही त्या दिवशी ओरडावेसे वाटले. पण घड्याळजीकडे ओरडून काय उपयोग?

अमेरिकेतही हे मत पोहोचले. थॉमस जेफरसन यांनी 1820 च्या सुमारास ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी शुभवर्तमानांतून येशूची शिकवण कापून काढली आणि वहीत चिकटवली. चमत्कार वगळले. त्यांच्या वहीत येशूला कबरेत ठेवतात, दारावर धोंड लोटतात आणि पुस्तक संपते. पास्काची सकाळ त्यात नाही. थॉमस पेन यांनी 'एज ऑफ रीझन' हे पुस्तक 1794 मध्ये प्रसिद्ध केले. ते नास्तिक नव्हते. फ्रान्सच्या क्रांतीत लोक देवालाच टाकून देतील अशी त्यांना भीती होती. एका देवावरची श्रद्धा वाचावी म्हणून त्यांनी बायबलवर टीका केली.

पेन यांचे नाव आपल्याकडेही आले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी तरुणपणी पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. जोतीराव देवाला 'निर्मिक' म्हणत. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये आलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात हा निर्मिक सर्व स्त्री-पुरुषांना सारखे हक्क देणारा आहे. मधल्या दलालांनी गांजलेल्या माणसाला दलालाविना देव किती जवळचा वाटला असेल! पेन यांच्या देवापेक्षा जोतीरावांचा निर्मिक मला अधिक मायाळू वाटतो.

आणि आपल्या बेळगावचे बाबा पदमनजी? त्यांचा जन्म इथला, 1831 चा. मुंबईत 1849 मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत ते होते. एक देव, जातिभेद नाही, मूर्तिपूजा नाही, ही त्या गुप्त सभेची तत्त्वे हर्बर्टच्या तत्त्वांहून फार दूर नव्हती. पण बाबा तिथे थांबले नाहीत. 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते आपल्या कॅथलिक मंडळीचे नव्हते, तरी त्यांचा हा प्रवास आपल्याला विचार करायला लावतो. एक देव आहे एवढे त्यांना आधीच पटले होते. मग आणखी काय हवे होते?

आता माझे सांगतो. 2021 च्या मे महिन्यात माझी आई कोविडने गेली. अकरा दिवस घरात आम्ही सगळे जपमाळ करत होतो. ती परत आली नाही. त्यानंतर मी चर्च सोडले नाही, वर्गही सोडला नाही. रोज प्रार्थना करत होतो, पण नुसते आभार मानत होतो. मागणे बंद केले होते. मागून उपयोग नाही हे मनाने ठरवले होते. कोणाला कळले नाही. फादरांनाही नाही. धर्मशिक्षक राहूनही मी डीइस्ट झालो होतो, आणि खरे सांगतो, त्यात एक प्रकारची शांतता होती. जो ऐकतच नाही त्याच्यावर रुसावे लागत नाही.

पुढच्या वर्षी शुभ शुक्रवारी दुःखसहनाचे वाचन माझ्याकडे होते. तयारीसाठी आदल्या रात्री चारही शुभवर्तमाने काढून बसलो. गेथशेमाने बागेपाशी थांबलो. येशूने प्याला दूर कर म्हणून पित्याला विनवले. तीनदा. प्याला दूर झाला नाही. इतक्या वर्षांत हे मी किती वेळा शिकवले असेल, पण त्या रात्री पहिल्यांदा कळले की ज्याची विनंती मान्य झाली नाही असा देवाचा पुत्रच आपल्याला दिला आहे. ऐकणे आणि मागितलेले देणे या दोन गोष्टी आहेत. घड्याळजी देव कधी बागेत पालथा पडत नाही. त्या रात्री मी आईसाठी रडलो आणि पुन्हा मागायला लागलो.

त्या मुलाला मी यातले थोडेच सांगितले. म्हटले, "तू म्हणतोस ते विश्वासांगीकाराचे पहिले वाक्य आहे. ते खरेच आहे. सृष्टीवरून देव बुद्धीला कळू शकतो, हे पहिल्या व्हॅटिकन परिषदेनेही 1870 मध्ये शिकवले. फक्त तिथे थांबू नकोस. दुसरे वाक्य वाच. त्यात मरिया आहे, पिलात आहे, क्रूस आहे."

मग त्याला हर्बर्टची एक गोष्ट सांगितली. ती हर्बर्टनेच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. ग्रंथ तयार झाला, पण तो छापावा की नाही याची त्याला धास्ती वाटत होती. उन्हाळ्याचा स्वच्छ दिवस होता, दक्षिणेची खिडकी उघडी होती, वारा नव्हता. हर्बर्टने ग्रंथ हातात घेतला, गुडघे टेकले आणि देवाला विनवले की छापायचे असेल तर खूण दे. तेव्हा आकाशातून मोठा तरी सौम्य आवाज आला असे तो लिहितो. इतरांना झालेल्या प्रकटीकरणावर सहज विश्वास ठेवू नये असे म्हणणारा हा माणूस, पण स्वतःची वेळ आली तेव्हा गुडघ्यांवर आला.

"सर, खरंच आवाज आला असेल?" मुलाने विचारले.

"ते मला सांगता येणार नाही," मी म्हणालो. "पण त्याने मागितले, एवढे खरे."

या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक गोष्ट करू या. आपण देवाकडे जे मागणे सोडून दिले आहे ते आठवू या, आणि ते पुन्हा एकदा, नाव घेऊन मागू या. त्या मुलासाठीही प्रार्थना करा. तो दर रविवारी येतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि चांगले प्रश्न विचारतो.

प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो. आमेन.