एंजिनांत पडलेला पाना

वेल्ह्याजवळचा तोरणा किल्ला १६४६ च्या सुमारास शिवाजीमहाराजांच्या हातीं आला. त्याची डागडुजी चालू असतांना तेथें पुरलेलें द्रव्य सांपडलें व तें राजगडाच्या बांधकामास उपयोगी पडलें, अशी हकीगत परंपरेनें चालत आली आहे. दुरुस्तींत अकल्पित लाभ झाल्याचें हें उदाहरण. परंतु दुरुस्तीचा एक उलटा प्रकारहि असतो. त्यांत कारागीर जी वस्तु आंत नव्हती ती स्वतःच्या हातानें आंत टाकून बसतो. यंत्रांचें युग आल्यापासून हा प्रकार घरोघरच्या ओळखीचा झाला.

भोर व वेल्हें हा डोंगराळ, भरपूर पावसाचा आणि भाताचा प्रदेश. भोर संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्या सुमारास या मुलखाच्या दोन्ही अंगांस तेलावर चालणाऱ्या एंजिनांचा धंदा उभा राहिला होता. दक्षिणेस साताऱ्याला कूपर यांच्या कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांतच डीझेल एंजिनें बनविलीं होतीं. उत्तरेस पुण्याजवळ खडकी येथें १९४६ मध्यें किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ मध्यें जर्मनींत सिद्ध केलेलें यंत्र अशा रीतीनें पन्नास वर्षांच्या आंत विहिरीवर पाणी उपसण्यास व गिरणी फिरविण्यास मराठी मुलखांत तयार होऊं लागलें.

या एंजिनाचें पोट फार अरुंद असतें. दट्ट्या अगदीं वर आला म्हणजे त्याच्या आणि वरच्या झांकणाच्या मध्यें जेमतेम एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची फट उरते. तेथें एखादी चाकी किंवा लहानसा पाना राहिला आणि एंजिनाचें जड चाक एकदां फिरविलें, कीं झडप वांकते, दट्ट्या फुटतो अथवा झांकणास तडा जातो. दोन आण्यांच्या वस्तूनें सबंध यंत्र निकामी होतें.

अडकलेलें लोखंड बाहेर कसें काढावें, हा प्रश्न मात्र एंजिनाहून फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शरीरांत शिरलेलें शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत आणि त्यांत अयस्कांताचा, म्हणजे लोहचुंबकाचा, समावेश आहे. परंतु त्यास अटी आहेत. शल्य सरळ असावें, कोठें रुतलेलें नसावें, त्याला कर्ण म्हणजे उलटे कांटे नसावेत, आणि जखमेचें तोंड पुरेसें रुंद असावें. युरोपांत १६२४ मध्यें फॅब्रिसिअस हिल्डानस या शस्त्रवैद्याची पत्नी मारी कोलिने हिनें रोग्याच्या डोळ्यांतील पोलादाचा कण लोहचुंबकानें काढण्याची युक्ति सुचविली. मिस्त्री आज दोरीला चुंबक बांधून एंजिनांत सोडतो, तेव्हां तो या जुन्या शल्यवैद्यांच्याच वाटेनें जात असतो.

सुश्रुताच्या अटी येथेंहि लागू पडतात. पाना मोकळा पडलेला असेल आणि भोंक रुंद असेल, तरच चुंबकाचें काम होतें. शिवाय एंजिनाचें अंगच बिडाचें असल्यानें चुंबक वस्तूकडे न जातां भिंतीलाच चिकटतो. म्हणून त्यास पितळेच्या नळींत बसवून फक्त टोंक उघडें ठेवतात. पितळ किंवा अॅल्युमिनिअमच्या तुकड्यास चुंबक ओढीत नाहीं. तेथें काडीच्या टोंकास घट्ट वंगण लावून तुकडा चिकटवून घ्यावा लागतो. वस्तु तळाच्या तेलाच्या पेटींत गेली असेल तर पेटी उतरावी, आणि कांहींच साधलें नाहीं तर वरचें झांकण उघडावें. सर्वांत पहिला नियम मात्र एकच : वस्तु हातीं येईपर्यंत चाक फिरवूं नये.

सर्वच वेळीं वस्तु परत मिळते असें नाहीं. अमेरिकेंत आर्कन्सॉ संस्थानांतील डमॅस्कस गांवाजवळ १८ सप्टेंबर १९८० रोजीं टायटन क्षेपणास्त्राच्या देखभालीचें काम चालू असतां, सुमारें ४ किलो वजनाची पान्याची वाटी कामगाराच्या हातून निसटली. ती सुमारें २४ मीटर खालीं गेली व उसळून इंधनाच्या टांकीस भोंक पाडती झाली. दुसऱ्या दिवशीं पहांटे स्फोट होऊन एक सैनिक मृत्यु पावला. क्षेपणास्त्रावरील अणुबाँब फुटला नाहीं, एवढेंच सुदैव.

विमानांच्या कारखान्यांत यावर साधा उपाय रूढ आहे. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृति काढलेली असते आणि काम संपतांच रिकामी आकृति कोणती, हें पाहिलें जातें. गिरणीच्या मिस्त्रीसहि हें अशक्य नाहीं. कामापूर्वीं पाने मोजून ठेवावे, उघड्या भोंकांत फडकें कोंबावें, आणि शेवटीं पान्यांबरोबर फडकींहि मोजावींत. परंतु मोजणीहून मोठी गोष्ट म्हणजे पाना पडल्याबरोबर तसें बोलून दाखविणें. हाताखालचा पोऱ्या मालकाच्या रागास भिऊन गप्प बसला, तर चुंबक जवळ असूनहि निरुपयोगी. आणि त्यानें वेळींच सांगितलें, तर जाईल तो फक्त एक तास. म्हणून ज्याच्या हातून पाना पडला त्यास आधीं शाबासकी द्यावी, कारण त्यानें सांगितल्यामुळेंच एंजिन वांचलें.